रानातला मध आणि पेटीतला मध



मधासारख्या गोड विषयावर बोलावयास कामगार संघटनेतला माणूस कशाला उभा केला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, आणि तेही संघटनेच्या कामात गरज पडेल तसतसे. मधाचे शास्त्र मी असेच गरजेपोटी शिकलो. ती गरज कशी पडली, तेवढे आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मध बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्यातील बायका आमच्या कचेरीत आल्या. तीस-पस्तीस जणी, बाटल्यांच्या नगावर मजुरी. गोदामातील काही पिंपांतला मध फसफसून वर आला होता, झाकणे फुगली होती, आंबूस वास सुटला होता. मुकादमाचे म्हणणे असे की, बायकांनी मध चोरला आणि भरपाईला पाणी घातले. नुकसानीची रक्कम सर्वांच्या मजुरीतून कापावयास सुरुवातही झाली होती. त्यांतली एक वयस्क बाई मला म्हणाली, "दादा, पाणी आम्ही घातलं नाही. पण मग आलं कुठनं, ते आम्हांला सांगता येत नाही. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी शिकलेला नव्हतो. पण ते सांगितल्यावाचून सुटका नव्हती. वाचनालयात चार-पाच पुस्तके चाळली, एका शेतकी पदवीधर मित्राकडून वक्रीभवनमापी नावाचे हातभर नळीचे साधे यंत्र आणले. त्याच्या काचेवर मधाचा थेंब ठेवावयाचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावावयाचा, आणि आतल्या रेघेवर मधातील पाण्याचे प्रमाण वाचावयाचे. व्यवस्थापकांच्या समोर आम्ही गोदामातली सील न फोडलेली पिंपे उघडविली. ज्या मधाला एकाही बाईचा हात लागलेला नव्हता, त्यातही शेकडा चोवीस-पंचवीस भाग पाणी निघाले. पाणी रानातूनच आले होते. कापलेली मजुरी परत मिळाली.

गंमत पुढेच आहे. त्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत "जंगली मध" असे छापलेले असे, आणि त्या दोन शब्दांपायी त्याला पेटीतल्या मधाहून अधिक भाव मिळे. तेव्हापासून मी विचारू लागलो की, रानातला मध खरोखरच पेटीतल्या मधाहून सरस असतो काय? आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

माशा कोणत्या?

आपल्याकडे मध देणाऱ्या मुख्य माशा चार. पहिली आग्या. ही सर्वांत मोठी आणि रागीट. उंच झाडाच्या फांदीला, कड्याच्या कपारीला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. दुसरी फुलोरी, झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी लहान माशी. तिसरी सातेरी. ही अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. पोळी सात म्हणून सातेरी, असे लोक सांगतात. चौथी युरोपीय जातीची, जिला आपण इटालियन म्हणतो. ती १९६२ साली कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे आणून यशस्वी रीतीने वाढविली गेली, आणि तेथून देशभर पसरली.

यांपैकी आग्या आणि फुलोरी यांना पेटीत ठेवता येत नाही. त्यांना उघडी हवा लागते. सातेरी आणि इटालियन अंधारात राहणाऱ्या, म्हणून त्यांना पेटी मानवते. रानटी आणि पाळीव हा भेद एवढ्यावरच उभा आहे. त्यातही "पाळीव" हा शब्द जरा जपून वापरला पाहिजे. गाय आपण दावणीला बांधतो, चारा घालतो. सातेरीला कोणी बांधीत नाही. ती रानात चरावयास जाते, आणि पेटी मनास आली नाही तर एके दिवशी सारे घर घेऊन उडून जाते. महाबळेश्वरच्या जंगलात ठेवलेल्या पेटीतील सातेरी आणि शेजारच्या जांभळीच्या ढोलीतील सातेरी या सख्ख्या बहिणी आहेत. दोघी एकाच फुलावर जातात. मग एकीचा मध रानटी आणि दुसरीचा पाळीव म्हणून त्यांच्या गुणांत फरक पडावा, असे कारण दिसत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांनीही मधाची वर्गवारी केली होती. सुश्रुतसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक इत्यादी आठ जाती सांगितल्या आहेत, चरकसंहितेत चार. आणि यांतली बहुतेक नावे माशीवरून पडलेली आहेत. म्हणजे माशीप्रमाणे मध बदलतो, ही समजूत जुनी आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु आजचे ज्ञान त्यात आणखी तीन गोष्टींची भर घालते: फूल, पक्वता आणि काढणी.

मध पिकतो म्हणजे काय?

फुलातला मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंदात बहुधा निम्म्याहून अधिक पाणी असते. माशी तो पोटातील थैलीत भरून आणते. घरच्या माशा तो एकमेकींच्या तोंडात देतात-घेतात, त्यात आपली पाचक द्रव्ये मिसळतात. त्यामुळे त्यातील उसाच्या जातीची साखर फुटून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा तयार होते. मग तो पोळ्याच्या घरांत पसरून पंखांनी वारा घालून घालून पाणी उडवितात. पाणी पुरेसे उडाले की घराचे तोंड मेणाने बंद करतात. ही मेणाची टोपी म्हणजे मध पिकल्याची माशीने दिलेली पावती होय.

या पावतीला महत्त्व फार आहे. यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी सर्वच मधात थोडीफार असते. पाणी शेकडा सतराच्या खाली असेल तर तिचे काही चालत नाही. वीसच्या वर गेले की ती साखर खाऊ लागते, वायू सोडते, आणि मध आंबतो. आमच्या बायकांची पिंपे फुगली ती यामुळे. आपल्या देशात २०१८ साली ठरविलेल्या मानकांत मधातील पाण्याची मर्यादा शेकडा वीस ठेवली आहे, ती याच कारणाने.

आता तुलना करू. इटालियन माशीचा पक्व मध सामान्यतः सर्वांत दाट असतो. सातेरीचा त्याहून किंचित पातळ. आग्याच्या मधात पाणी बहुधा सर्वांत अधिक, कारण तिचे पोळे उघड्यावर, दमट हवेत असते. तेव्हा टिकाऊपणाच्या कसोटीवर रानातला मध पहिल्या नंबराने पास होतो, असे नाही. उलट त्यालाच अधिक जपावे लागते.

फुलांचा वाटा

रंग, वास आणि चव ही मात्र मुख्यतः फुलाची देणगी. महाबळेश्वरच्या परिसरात उन्हाळ्यात जांभूळ फुलते. तिचा मध गडद आणि किंचित तुरट-कडसर. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सारा डोंगर भरून फुलते. तिचा मध इतका घट्ट की, पोळ्यातून सहज सुटत नाही, आणि ढवळला की सैल होतो. मधात उसाच्या साखरेचे प्रमाण एरव्ही शेकडा पाचच्या वर चालत नाही. कारवीच्या मधाला आपल्या मानकांनी शेकडा दहापर्यंत मुभा दिली आहे. सरकारलाही माशीपेक्षा फूल पाहून नियम करावा लागला!

रानातल्या मधाची खरी थोरवी येथे आहे. रानात अनेक फुले एकत्र येतात, शेतातली औषधफवारणी तेथे पोचत नाही. पण हे श्रेय रानाचे आहे. त्याच रानात सातेरीची पेटी ठेवली तर तेच गुण तिच्या मधात उतरतात. आणि आग्याचे पोळे जर फवारलेल्या कापसाच्या किंवा सूर्यफुलाच्या शेताकाठी लागले, तर केवळ ते आग्याचे म्हणून त्याला रानाची शुद्धता येत नाही. तसेच "रानटी म्हणजे निर्धोक" हाही भ्रम आहे. नेपाळातील कड्यांवरच्या मोठ्या माशा काही जातींच्या गुरासफुलांवरून जो मध आणतात, तो खाऊन माणसाला घेरी येते आणि रक्तदाब उतरतो. दोष माशीचा नाही, फुलाच्या रसातील विषाचा आहे.

काढणी: येथे खरा फरक पडतो

आता काढणीकडे वळू. पेटी म्हणजे नुसता लाकडी डबा नव्हे. १८५१ साली लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याच्या ध्यानात आले की, दोन पोळ्यांमध्ये सुमारे तीनअष्टमांश इंच जागा मोकळी ठेवली, तर माशा ती मेणाने बुजवीत नाहीत. त्यावरून सुट्या चौकटींची पेटी निघाली. खालच्या मजल्यावर राणी अंडी घालते, वरच्या मजल्यावर मध साठतो. १८६५ साली ह्रुश्का याने पोळे गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र दाखविले. पोळे मोडत नाही, पिले मरत नाहीत, मध स्वच्छ निघतो. मधपाळ पोळ्यावरच्या टोप्या पाहतो आणि पिकलेली चौकट तेवढी उचलतो.

आग्याची पारंपरिक काढणी अगदी निराळी. रात्री पेटता टेंभा लावून माशा जाळावयाच्या, सबंध पोळे कापावयाचे, आणि हाताने पिळावयाचे. त्या पिळण्यात पिकलेल्या मधाबरोबर न पिकलेला येतो, पराग येतो, मेण येते, आणि अंडी-अळ्यांचा रसही येतो. असा मध गढूळ दिसतो, लवकर आंबतो. परागाने मध वाईट होत नाही. पण अळ्यांच्या रसाला औषध म्हणणे हे शुद्ध अडाणीपण होय. शिवाय पोळ्यासह वसाहत मरते, आणि दरसाल त्याच झाडावर येणारी माशी पुढल्या साली येत नाही.

मग आग्याचा मध स्वच्छ काढताच येत नाही काय? येतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मेळघाटातील कोरकू बांधवांना यासाठी शिकविले आहे. आग्याच्या पोळ्यात मधाचा जाड भाग वरच्या बाजूस, फांदीलगत एका अंगाला असतो आणि पिले खाली असतात. अंगभर संरक्षक पोशाख घालून माणूस वर चढतो, मधाचा भाग तेवढा कापतो, पिलांचा भाग तसाच ठेवतो. माशा उडून न जाता कापलेला भाग पुन्हा बांधून भरतात, आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. तो पिळावयाचा नाही, फडक्यातून निथळू द्यावयाचा. असा मध पेटीतल्या मधाच्या तोडीचा असतो.

घाई कोणाची?

येथवर शास्त्र झाले. आता माझ्या धंद्याकडे येतो. सारे इतके उघड असता रानातला मध कच्चा का काढला जातो? पुढे एका डोंगरी गावच्या सभेत मी हाच प्रश्न मध काढणाऱ्या एका माणसाला विचारला. तो म्हणाला, "साहेब, मी पंधरा दिवस थांबलो तर दुसरा कोणीतरी काढून नेतो. आणि व्यापारी किलोवर पैसे देतो. पाण्यालाबी वजन असतंच की."

या बोलण्यात अर्थशास्त्र आहे. आकडा मांडून पाहा. शंभर किलो कच्च्या मधात पंचवीस किलो पाणी आणि पंचाहत्तर किलो घन भाग. तेवढाच घन भाग राखून पाणी शेकडा वीसवर आणले, तर मध पावणेचौऱ्याण्णव किलो भरतो. म्हणजे चांगला मध आणणाऱ्याचे सव्वासहा किलोचे पैसे बुडाले! जो थांबला त्याला दंड, जो घाई करतो त्याला बक्षीस. मग दोष काढणाऱ्याच्या अज्ञानाला द्यावयाचा की भाव ठरविणाऱ्याला?

पेटीच्या बाजूलाही हेच चालते. माल लवकर हवा म्हणून टोपी न घातलेल्या चौकटी फिरविल्या जातात, आणि पुढे कारखान्यात यंत्राने पाणी उडवितात. पावसाळ्यात फुले नसताना वसाहत जगविण्यासाठी साखरेचा पाक देणे रास्त आहे. पण फुलोऱ्याच्या दिवसांत पाक दिला, तर तोच पोळ्यात मध म्हणून साठतो. रोगावर प्रतिजैविके वापरली तर त्यांचा अंश मधात उतरतो. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात काही काळ थांबविली, तिच्यामागे अशीच तक्रार होती. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील तेरा नाममुद्रांचे मध तपासले. सर्व कसोट्यांना त्यांतल्या तीनच उतरल्या. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे संस्थेने जाहीर केले. तेव्हा पेटीतला म्हणून सगळाच मध निर्मळ, हेही म्हणता येत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो नैतिक उपदेशाचा नाही. ज्याला झाडावर हक्क आहे तोच थांबू शकतो. २००६ सालच्या वनाधिकार कायद्याने मध आणि मेण यांचा गौण वनोपजात स्पष्ट समावेश केला, आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क वनवासी ग्रामस्थांना दिला. जेथे ग्रामसभेने हा हक्क बजावला, कोणते झाड कोणी आणि केव्हा काढावयाचे हे ठरविले, तेथे घाईचे कारण उरत नाही. त्याच्या जोडीला खरेदीच्या जागी वक्रीभवनमापी ठेवावा आणि पाणी कमी त्याला भाव अधिक, असा दर लावावा. महाबळेश्वरला मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली, आणि २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे "मधाचे गाव" म्हणून जाहीर झाले. पेटीवाल्याला ही संघटना आणि हे शिक्षण मिळाले, म्हणून त्याचा मध सुधारला. रानात चढणाऱ्यालाही तेच मिळाले पाहिजे.

घरातल्या चार गोष्टी

आपण गिऱ्हाइके आहोत, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. मध पाण्यात सरळ बुडतो, वात भिजवून लावली तर पेटते, कुत्रा खात नाही, या परीक्षांवर विसंबू नका. दाट पाकही पाण्यात बुडतो. मध थिजून दाणेदार झाला म्हणजे त्यात साखर घातली, असेही नाही. द्राक्षशर्करा अधिक असली की अस्सल मधही थिजतो, आणि कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा वितळतो. विस्तवावर मात्र ठेवू नका. फार तापविला की त्यातील उपयुक्त द्रव्ये नष्ट होतात. ज्या जंतुनाशक गुणासाठी आपण मध जखमेला लावीत आलो, त्याचा मोठा भाग या द्रव्यांवरच अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ती आयाबहिणींनी विशेष ध्यानात घ्यावी. नवजात बाळाला मध चाटविण्याची आपल्याकडे रीत आहे. मधात कधी कधी एका घातक जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. पण वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. मध रानातला असो, पेटीतला असो, कितीही शुद्ध असो, वर्षाच्या आत तो बाळाला देऊ नये.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. माशी मधाला थोडे वळण देते, फूल त्याला रंग, वास आणि चव देते. पण तो चांगला की वाईट, हे पोळ्यावर टोपी येईपर्यंत माणूस थांबला की नाही, यावर ठरते. आणि माणसाला थांबता येईल की नाही, हे त्याच्या हक्कावर आणि भावावर ठरते. पुढल्या वेळी बाटली हाती घ्याल तेव्हा "जंगली" की "पेटीतला" एवढेच वाचून थांबू नका. पाणी किती, कोणत्या रानातला, पिळलेला की निथळलेला, आणि काढणाऱ्याला किलोमागे काय मिळाले, हे चार प्रश्न दुकानदाराला विचारा. त्याला उत्तरे येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो ती शोधून ठेवील.

आमच्या त्या वयस्क बाईने मला हा पहिला प्रश्न विचारला होता: पाणी आले कुठून? त्या एका प्रश्नाने तीस-पस्तीस घरांची मजुरी वाचली.